मागची विंग सगळ्यात शेवटी

ट्रॅक डेची, म्हणजे स्वतःची गाडी रेसट्रॅकवर पळवण्याच्या दिवसाची, तारीख ठरली की अनेकांची पहिली खरेदी मागची विंग असते. दिसतेही छान. पण तयारीच्या क्रमात तिचा नंबर शेवटचा. पुढून किती डाउनफोर्स, म्हणजे गाडीला जमिनीवर दाबणारा हवेचा जोर, मिळणार याला जमिनीपासूनची उंची, बंपरचा आकार आणि खिसा अशा तीन मर्यादा आहेत. मागे मात्र पातं दोन अंश फिरवलं की फरक पडतो. म्हणून पुढून निघेल तेवढं आधी काढायचं आणि मागचं त्याला जुळेल इतकंच ठेवायचं. पोलो, स्विफ्ट, आय-२० असल्या पुढची चाकं ओढणाऱ्या हॅचबॅक घेऊन पुण्या-मुंबईहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणारे डोळ्यांसमोर ठेवून ही यादी लिहिली आहे.

हवेच्या भानगडीत पडण्याआधी गाडी जमिनीवर नीट उभी आहे ना ते बघा. बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, अलाइनमेंट, टायर, ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड हे सगळं नेहमीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १६० किमीला विंग ४० किलोचा दाब देत असेल तर ८० ला ती जेमतेम १० किलो देते. म्हणजे हळू वळणात गाडी नाक बाहेर काढत असेल (पुढची चाकं घसरून ती पुरेशी वळत नसेल) तर तो टायर, स्प्रिंग आणि अँटी-रोल बारचा (वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीचा) विषय आहे. विंग कितीही फिरवली तरी तो सुटणार नाही. हे निस्तरल्याशिवाय पुढची यादी वाचण्यात अर्थ नाही.

मग मोजमाप. सपाट फरशी शोधा (पार्किंगचा उतार डोळ्यांना दिसत नाही, गवंडी वापरतात ती पाण्याची पातळी लावली की दिसतो), टायरमध्ये ट्रॅकवरची हवा भरा, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल ठेवा आणि चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाचा माणूस बसवा. चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची वहीत लिहा. पुढे ५ मिमी खाली-वर झालं की स्प्लिटरचं (बंपरखालून पुढे आलेल्या आडव्या फळीचं) वागणं बदलतं, विंगचा कोनही बदलतो. आज मोजलं नाही तर ट्रॅकवर नेमकं काय बदललं ते कळायला मार्ग उरत नाही.

आता पुढचा भाग, आणि इथे वेळ घालवायला कंजुषी करू नका. स्प्लिटरसाठी १२ मिमीचं मरीन प्लाय पुरतं. इंजिनाखालचं झाकण दुकानांच्या पाट्यांना लावतात त्या एसीपी शीटचं बनवता येतं, ती हलकी आणि स्वस्त असते. स्प्लिटर बंपरच्या प्लास्टिकवर टांगू नका. तो चॅसीला किंवा बंपरमागच्या लोखंडी बीमला धरलेला हवा, पुढच्या कडेला दोन आधारकांड्या हव्यात. एक माणूस त्याच्या कडेवर उभा राहिला तरी तो वाकायला नको, ही जुनी आणि चांगली कसोटी आहे. बंपर आणि स्प्लिटरमधली फट, रेडिएटरच्या बाजूच्या फटी फोम किंवा डक्ट टेपने बंद करा. ग्रिलमधून शिरलेली हवा इंजिनखाली कोंडते आणि गाडीचं नाक उचलते, त्यामुळे ती रेडिएटरमधूनच जाईल आणि बाहेर पडायला तिला वाट मिळेल असं करणं म्हणजे जवळपास फुकटचा डाउनफोर्स. बॉनेटला जाळी कापणार असाल तर रेडिएटरच्या लगेच मागे कापा. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर यायची ती उलट आत शिरते. मात्र चेन्नईच्या उन्हात टेप लावताना कूलंटचं तापमान दाखवणारा गेज हवाच. गाडी उकळली तर पुढच्या-मागच्या बॅलन्सची चर्चा पिटमध्ये बसून करावी लागेल.

पुढच्या भागाची एक खोड मात्र लक्षात ठेवा. जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं, स्प्लिटर जमिनीजवळ येतो, पुढचा दाब वाढतो आणि मागचा भाग नेमका नको त्या क्षणी हलका होतो. त्याहून खाली जाऊन स्प्लिटर टेकला तर खालची हवाच अडते आणि पुढचा दाब एकदम नाहीसा होतो. यावर उपाय पुढच्या कडक स्प्रिंगचा किंवा स्प्लिटर थोडा वर घेण्याचा. पुढच्या डँपरच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) दांड्याला एक केबल टाय घट्ट बसवून ठेवा. सेशननंतर तो कुठवर सरकला ते पाहिलं की नाक जास्तीत जास्त किती बसलं ते कळतं.

आता विंग. ती मागच्या चाकांच्याही मागे बसते, त्यामुळे दगडावर टेकवलेल्या पहारीसारखं होतं: मागचं टोक दाबलं की पुढचं उचलतं. आकडे घालून पाहा. व्हीलबेस अडीच मीटर, विंग मागच्या आसापासून अर्धा मीटर मागे, दाब ४० किलो. मागच्या चाकांवर ४८ किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे ८ जातात. त्यात विंग हवेला ८ किलो अडवत असेल आणि ती जमिनीपासून १.३ मीटर उंच असेल तर आणखी ४ किलो पुढून मागे सरकतात. म्हणजे पुढे काहीच न करता नुसती विंग लावली तर स्टिअरिंग आणि ताकद दोन्ही सांभाळणाऱ्या चाकांवरून १२ किलो गेले. वेगात गाडी वळत नाही अशी तक्रार मग टायरच्या नावावर खपते.

विंगचे पाय डिकीच्या नुसत्या पत्र्यावर बसवू नका. आतून प्लेट द्या, लॉकनट लावा, प्रत्येक नटावर मार्करने रेघ ओढा, म्हणजे सैल झालेला लांबून दिसतो. १९६९ च्या फॉर्म्युला वनच्या स्पॅनिश ग्रां प्रीत माँटजुइकच्या ट्रॅकवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटसच्या उंच विंगा एकाच शर्यतीत मोडल्या आणि दोघेही जाऊन आदळले. पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीत उंच विंगांवर बंदी आली. विंग नसलेल्या गाडीपेक्षा वळणाच्या मध्यावर विंग गमावणारी गाडी कितीतरी वाईट.

कोन मोजायला डिजिटल अँगल गेज घ्या, आणि तो विंगच्या त्याच जागी दरवेळी ठेवा. हॅचबॅकच्या छतावरून हवा खाली उतरत येते, त्यामुळे गेजवर शून्य दिसलं तरी हवेच्या दृष्टीने तो शून्य नसतो. विंग छतामागच्या गढूळ हवेत बुडाली असेल तर कोन वाढवून फक्त अडथळा वाढतो. हे ओळखायला महागडं काही लागत नाही: लोकरीचे बोटभर तुकडे विंगच्या खालच्या बाजूला टेपने लावा आणि मागच्या काचेतून कॅमेरा रोखा. दोरे सरळ मागे उडत असतील तर हवा चिकटून आहे; गोल फिरत असतील किंवा उलटे वळत असतील तर कोन कमी करा.

पोर्शच्या ९१७ या रेसिंग गाडीची गोष्ट इथे आठवते. १९६९ मध्ये ही गाडी वेगात इतकी बेभरवशाची होती की चालक तिला घाबरत. त्या वर्षी ऑस्ट्रियात त्सेल्टवेगला चाचणी चालू असताना लक्षात आलं की पुढच्या भागावर चिलटं चिकटली आहेत, मागच्या शेपटावर मात्र जवळपास नाहीत. तिथे हवा पोहोचतच नव्हती. जागच्या जागी ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपूट उंच केलं आणि गाडी माणसाळली. एक्सप्रेसवेवरून रात्री आल्यावर गाडी लगेच धुऊ नका. चिलटांचा नकाशा फुकट मिळतो.

पुढे-मागे नेमकं किती? सर्वसाधारण नियम असा, की डाउनफोर्सचा पुढचा वाटा वजनाच्या पुढच्या वाट्याइतका किंवा किंचित कमी असावा. पण हॅचबॅकचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढे असतं, आणि तेवढा डाउनफोर्स पुढून घरगुती स्प्लिटरने येत नाही. मग वेगात गाडी मागे जड, म्हणजे स्थिर पण आळशी. ते चालवून घ्यायचं, आणि हळू वळणात तिला फिरवायला मागचा अँटी-रोल बार कडक करायचा. हा सौदा कोरड्यात उत्तम आहे. पावसात वेग कमी, म्हणजे विंगचा आधार कमी, पण मागचा कडकपणा तेवढाच. तेव्हा बार मऊ केल्याशिवाय ओल्या ट्रॅकवर जाऊ नका. आणि नेमकं ठरवता येत नसेल तर चूक मागच्या बाजूला होऊ द्या. वेगात नाक घसरलेली गाडी ॲक्सिलरेटर हलका केला की सावरते, शेपूट सुटलेली नाही.

ट्रॅकवर पहिलं सेशन विंग मधल्या कोनावर ठेवून, कशालाही हात न लावता. मुख्य सरळीनंतरचं सी-वन हे वेगवान पहिलं वळण आणि एखादं हळू वळण यांची तुलना करा. दोन्हीकडे सारखीच तक्रार असेल तर हवेचा दोष नाही. फक्त वेगवान वळणात नाक बाहेर जात असेल तर विंग दोन अंश कमी. शेपूट हलत असेल तर दोन अंश जास्त. एका सेशनला एकच बदल, आणि टायर प्रेशर दरवेळी गरम असतानाच मोजायचं. सस्पेंशनला सेन्सर असतील तर काम सोपं: चाकाजवळचा स्प्रिंग रेट ४० न्यूटन प्रति मिमी असेल आणि सरळीवर मागचा भाग ३ मिमी बसला, तर दोन चाकं मिळून सुमारे २४ किलो आले.

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने चेन्नईची हवा थोडी दाट भेटते, उकाडा त्यातलं बरंचसं परत काढून घेतो. पुढचं-मागचं प्रमाण त्याने बिघडत नाही, तेव्हा त्यावर डोकं शिणवू नका.

सामानात अँगल गेज, पाण्याची पातळी, टेप, केबल टाय, लोकर, जादा नट-बोल्ट, स्प्लिटरच्या दोन जादा कांड्या आणि वही घ्या. हेल्मेट आणि टो हुक (गाडी ओढून नेण्याचा हुक) विसरलात तर ट्रॅकवर जाण्याआधी गाडी तपासणारे स्क्रूटिनीवालेच आठवण करून देतील. गाडी ट्रेलरवरून न नेता चालवत नेणार असाल तर स्प्लिटर चार बोल्टांत सुटेल असाच बनवा आणि डिकीत टाका. बाराशे किलोमीटरच्या वाटेवरचे गतिरोधक त्याला शिल्लक ठेवणार नाहीत.