संग्रहालयांची जुनी ऑनलाइन प्रदर्शने: जतन आणि नूतनीकरणाची पद्धत

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील दहा-बारा वर्षांत अनेक संग्रहालयांनी आपली ऑनलाइन प्रदर्शने फ्लॅश, शॉकवेव्ह, जावा ॲप्लेट किंवा सिल्व्हरलाइट यांवर उभारली. ही सर्व तंत्रे ब्राउझरला जोडलेल्या प्लगइनवर, म्हणजे वेगळ्याने बसवाव्या लागणाऱ्या पूरक सॉफ्टवेअरवर, अवलंबून होती आणि ती प्लगइन एकेक करून बंद झाली. शॉकवेव्ह एप्रिल २०१९ मध्ये थांबले. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशची देखभाल संपवली आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच आशय चालवणे बंद केले. सिल्व्हरलाइटची मुदत ऑक्टोबर २०२१ मध्ये संपली. आज अशी पाने उघडली तर प्रदर्शनाच्या जागी रिकामी चौकट दिसते. पण मूळ फाइली बहुधा सर्व्हरवर सुखरूप असतात, हरवलेली असते ती त्या चालवणारी यंत्रणा. म्हणूनच अशी प्रदर्शने वाचवता येतात, मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये.

पहिला नियम असा की संपूर्ण प्रत घेतल्याशिवाय कशालाही हात लावू नये. प्रत म्हणजे केवळ दिसणारी पाने नव्हेत. डेटाबेस, सर्व्हरवर चालणारा कोड आणि सर्व्हरची मांडणी हेही त्यात आले पाहिजे. फ्लॅशची फाइल चालू असताना मजकूर, चित्रे आणि ध्वनी दुसऱ्या फाइलींतून मागवून घेते आणि हे दुवे पानाच्या एचटीएमएलमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे दुव्यांमागून फिरणाऱ्या साध्या साधनाने घेतलेली प्रत अपुरी राहते. प्रत घेताच प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलच्या आशयावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा संकेतांक) काढून नोंदवावी, म्हणजे पुढे फाइलमध्ये बदल झाला तर तो कळेल. प्रदर्शन तयार करणाऱ्या संस्थेकडे किंवा कार्यालयातील जुन्या सीडींमध्ये एफएलए प्रकारच्या (फ्लॅशच्या संपादन करता येणाऱ्या) मूळ फाइली, मोठ्या आकाराची छायाचित्रे आणि असंपादित ध्वनिमुद्रणे सापडतात का, याचा शोध याच टप्प्यावर घ्यावा, कारण ती माहिती असलेली माणसे कायम हाताशी राहत नाहीत.

दुसरे काम म्हणजे प्रेक्षकाला ते प्रदर्शन कसे दिसत होते, त्याची नोंद. त्यासाठी आभासी संगणकावर (सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत चालवलेल्या दुसऱ्या संगणकावर) जुना ब्राउझर आणि जुने प्लगइन बसवावे, सुरक्षेसाठी तो नेटवर्कपासून तोडून ठेवावा, सर्व्हरच्या प्रतीवरून प्रदर्शन चालवावे आणि प्रत्येक बटण दाबत पडद्याचे चित्रीकरण करावे. हालचालीचा वेग, ध्वनी आणि चित्र यांचा मेळ, माउस फिरवल्यावर उमटणारा प्रतिसाद या गोष्टी फाइलींच्या यादीत दिसत नाहीत आणि पुढील प्रत्येक आवृत्ती तपासण्याची कसोटी हेच चित्रीकरण ठरते. आजच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानांची नोंद वेबरेकॉर्डर या वेब-जतन प्रकल्पाच्या साधनांनी वॉर्क या वेब-संग्रहाच्या फाइल-स्वरूपात घ्यावी. हे स्वरूप आयएसओ २८५०० या मानकाने निश्चित केलेले आहे.

यानंतरच नूतनीकरणाचा विचार करावा. फ्लॅशसाठी रफल हा मुक्त इम्युलेटर (जुन्या प्लेअरचे काम हुबेहूब करणारे सॉफ्टवेअर) आधी वापरून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि पानात फक्त एका स्क्रिप्टची भर पडते. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या १ आणि २ या आवृत्त्यांमधील आशय तो चांगला चालवतो. २००६ मध्ये आलेल्या ॲक्शनस्क्रिप्ट ३ मधील आशय मात्र चित्रीकरणाशी ताडून काळजीपूर्वक तपासावा लागतो. रफल शॉकवेव्ह चालवत नाही. तेथे बहुधा संपूर्ण जुन्या संगणकाचे इम्युलेशन किंवा आजच्या तंत्रात पुनर्बांधणी हेच मार्ग उरतात. पुनर्बांधणी खर्चीक असते, म्हणून जे प्रदर्शन अजूनही शिकवण्यासाठी वापरले जाते किंवा मोबाइलवर आणि दृष्टिहीनांच्या वाचन-साधनांवर चालणे आवश्यक आहे, त्यासाठीच ती राखून ठेवावी. मूळ स्रोत नसल्यास जेपेक्स या डिकंपायलरने (तयार फाइल उकलून आतला आशय दाखवणाऱ्या साधनाने) चित्रे, ध्वनी आणि कोड बाहेर काढता येतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने शू ली चेआंग यांची ‘ब्रँडन’ ही १९९८-९९ मधील वेब-कलाकृती पूर्ववत केली, तेव्हा निकामी झालेल्या जावा ॲप्लेटच्या जागी नवा कोड लिहिला, पण जुना कोडही निष्क्रिय करून आतच ठेवला. ही पद्धत अनुकरणीय आहे, कारण काय बदलले ते पुढच्या अभ्यासकाला तेथेच वाचता येते.

देवनागरी मजकूर असल्यास आणखी एक अडचण येते. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतपद्धतीपूर्वीच्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवली जात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलट असतो. म्हणून परिवर्तकाने (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनाने) बदललेला मजकूर जोडाक्षरांसह ओळ न ओळ वाचून घ्यावा आणि मूळ फॉन्टची फाइलही जतन करावी.

वस्तूचा काळ किंवा कर्ता यांविषयी नवे संशोधन झाले असेल, तर दुरुस्ती फक्त नव्या आवृत्तीत, तारखेसह करावी. जतन केलेल्या प्रतीत कधीही करू नये. संगीत आणि छायाचित्रे यांची परवानगी मूळ प्रदर्शनापुरती होती का, हे करारात पाहावे. जुने पत्ते कायमस्वरूपी पुनर्निर्देशनाने नव्या पानांकडे वळवावेत, कारण पुस्तके आणि शोधनिबंध त्याच पत्त्यांचा हवाला देतात. जतन केलेल्या मूळ प्रतीच्या किमान दोन नकला वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, ठरावीक काळाने एसएचए-२५६ बेरजा पुन्हा पडताळाव्यात आणि रफलची नवी आवृत्ती बसवताना प्रत्येक वेळी प्रदर्शन चित्रीकरणाशी ताडून पाहावे.