पावसात पीसी सारखा बंद पडत असेल तर

फोंड्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. जून लागला की 'पीसी मधेच बंद पडतो' म्हणणाऱ्यांची रीघ, ती चवथीपर्यंत. निम्मे जण आधीच विंडोज नव्याने टाकून आलेले! विंडोज नव्याने टाकणं हे सगळ्यात शेवटी करायचं.

गेम लावल्यावर थोड्या वेळाने बंद पडतो? मग तापतोय. पंख्यातली आणि हीटसिंकमधली, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमधली, धूळ काढा.

विंडोजचा एरर दाखवणारा निळा स्क्रीन येत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीवर. प्लग काढा, पॉवर बटण दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल. क्लिपा उघडून रॅम बाहेर घ्या. सोनेरी पट्टीवर आपल्या दमट हवेने काळपट थर धरतो. तो पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका आणि 'टक्' होईपर्यंत दाबून बसवा. दोन रॅम असल्या तर एकेक लावून चालवून बघा. शिवाय रॅम तपासायला विंडोजमधलंच 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' आहेच.

काहीच न दाखवता फटकन जातो? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (तिथे मशीनवर काय काय घडलं त्याची नोंद असते) 'कर्नल-पॉवर 41' दिसेल. त्यावरून एवढंच कळतं की मशीन नीट शटडाउन झालं नाही. यूपीएसची बॅटरी बघा, मग दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) लावून पाहा. जुना मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.