टेस्ट राइड घ्यायची ती आपल्या रोजच्या रस्त्यावर

शोरूमच्या दारातून निघायचं, पुढच्या चौकात वळायचं आणि परत यायचं. अशी पाच मिनिटांची फेरी मारली की कुठलीही नवी मोटरसायकल आवडतेच. सीट मऊ, इंजिनाचा आवाज छान, क्लच हलका. उतरताना सेल्समन विचारतो, "कशी वाटली?" आणि आपण "मस्त" म्हणून मोकळे होतो.

मीही २०१६ साली असंच केलं होतं. सरळ रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारली, पिकअप आवडला, त्याच दिवशी बुकिंग केलं. गाडी घरी आली, पूजा झाली आणि आईला मागे बसवायला गेलो, तर तिला बसताच येईना. मागची सीट उंच आणि पुढे उतरती, पाय ठेवायची जागा वर. आईचे गुडघे दुखतात, साडी नेसून ती एका बाजूला बसते. दोनदा प्रयत्न करून ती म्हणाली, "तू जा, मी रिक्षानं येते." तिला दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यायचं, हे माझं गाडी घेण्याचं एक मोठं कारण होतं. चौदा महिन्यांनी ती गाडी तोट्यात विकली. गाडीत दोष काहीच नव्हता. मी टेस्ट राइडला आईला नेलं नव्हतं, एवढंच.

म्हणून माझं सांगणं असं, की टेस्ट राइडमध्ये गाडी किती पळते हे बघू नका, ते सगळ्यांना माहीत असतं. हळू चालवताना, तापल्यावर आणि डबल सीट असताना ती कशी वागते ते बघा. आपले रोजचे दिवस तसेच जातात.

घरी बसून करायची तयारी

तीनपेक्षा जास्त गाड्या यादीत ठेवू नका. चौथी चालवेपर्यंत पहिली कशी होती ते विसरलेलं असतं. प्रत्येक गाडीचं वजन आणि सीटची उंची हे दोन आकडे लिहून घ्या. हिरोच्या स्प्लेंडर प्लसचं वजन साधारण ११२ किलो आणि सीटची उंची ७८५ मिलिमीटर. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०चं वजन साधारण १९५ किलो आणि उंची ८०५ मिलिमीटर. उंचीत फरक फक्त दोन सेंटिमीटरचा, पण वजनात ऐंशी किलोंहून अधिक, म्हणजे एका मोठ्या माणसाचा. गाडी चालू असताना हे वजन जाणवत नाही. बंद गाडी ढकलत पार्किंगमधून बाहेर काढताना जाणवतं.

सीटच्या उंचीच्या आकड्यावर मात्र एकट्यावर विसंबू नका. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीवर पाय अर्धवट टेकतो. हे बसल्याशिवाय कळत नाही.

मग शोरूमला फोन करा. शनिवार-रविवारी गर्दी असते, आठवड्यातल्या दिवसाची सकाळ मागा. फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या. तुम्हाला हवं तेच मॉडेल डेमोला आहे का, की "इंजिन तेच आहे" म्हणून दुसरं देणार? किती वेळ आणि कुठपर्यंत नेता येईल? आणि गाडी पडली, काही तुटलं तर खर्च कोणाचा? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तिथे गेल्यावर ज्या फॉर्मवर सही करायची असते त्यात बहुधा हेच लिहिलेलं असतं. फॉर्म वाचून सही करा.

मूळ लायसन्स जवळ ठेवा, नाहीतर मोबाइलवर डिजिलॉकरमधलं. शिकाऊ लायसन्सवर टेस्ट राइड मागू नका. तसं असेल तर पक्कं लायसन्स असलेल्या आणि साधारण तुमच्याच उंचीच्या भावाला किंवा मित्राला चालवायला सांगा, तुम्ही मागे बसा. हेल्मेट आपलं स्वतःचं न्या. शोरूमचं सैल हेल्मेट घातलं की वाऱ्याचा आवाज वेगळाच येतो आणि दोष गाडीला लागतो. पायात रोजचे बूट हवेत. आणि जो माणूस मागे बसणार आहे, त्याला बरोबर न्या.

चावी लावण्याआधी

हात इंजिनाच्या जवळ न्या, टेकवू नका. गरम लागलं तर कोणीतरी आधीच गाडी चालू करून ठेवली आहे. नव्या गाडीत ते फार महत्त्वाचं नाही, जुनी घेत असाल तर फार महत्त्वाचं आहे, कारण थंड इंजिन सकाळी पहिल्या स्टार्टला कसं उठतं हे लपवायचा तो सोपा मार्ग असतो.

टायरमधली हवा तपासून मागा. डेमो गाडी दिवसभर दहा जण चालवतात आणि तिच्याकडे लक्ष कोणाचंच नसतं. हवा कमी असली की वळताना गाडी जड वाटते. चेन सैल असली की रेस धरता-सोडताना झटके बसतात. हे दोष त्या एका गाडीचे असतात, मॉडेलचे नव्हे. ते ओळखता आले नाहीत तर चांगली गाडी उगाच यादीतून जाते.

आता बसा. दोन्ही पाय टेकवा, मग फक्त डावा टेकवून उजवा ब्रेकवर ठेवा, कारण चढावर सिग्नलला थांबल्यावर असंच उभं राहायचं असतं. बसल्या बसल्या गाडी पायांनी चार पावलं मागे ढकला. उतरा आणि डबल स्टँडवर लावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, टाकीला हात अडकत नाही ना ते बघा. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरपर्यंत बोटं सहज पोचतात का? लहान हातांच्या माणसाला हा फरक फार जाणवतो, आणि गाडी निवडताना तो कोणीच विचारात घेत नाही.

रस्त्यावर

मी साताऱ्याचा. या वेळी गाडी घेताना मी शोरूमवाल्यांकडे अर्धा तास मागून घेतला आणि रस्ता आधी ठरवला: पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे, बाजाराच्या गर्दीतून, आणि तिथून यवतेश्वरच्या घाटाची पहिली काही वळणं. तुम्ही तुमचा रस्ता ठरवा. त्यात गर्दी, एक चढ, एक खराब पट्टा आणि थोडा मोकळा रस्ता एवढं असलं की झालं. सगळ्या गाड्या त्याच रस्त्यावर, शक्यतो एकाच दिवशी चालवा.

गर्दीत आधी शिरा. दुसऱ्या गियरमध्ये, ताशी पंधरा-वीसच्या वेगानं, रिक्षाच्या मागे मागे. इंजिन कुरकुरतं का? पहिला टाकावा लागतो का? सिग्नलला पहिल्यावरून न्यूट्रल शोधा. एका झटक्यात सापडलं तर उत्तम. चार वेळा पहिला-दुसरा-पहिला करावं लागलं, तर रोज पंधरा सिग्नलांवर तेच करायचं आहे, हे लक्षात ठेवा. डाव्या हाताकडे लक्ष द्या. हाफ क्लचवर दहा मिनिटं चालवल्यावर पंजा दुखायला लागला, तर ती गाडी शहरासाठी नाही.

उष्णता पंधरा-वीस मिनिटांशिवाय कळत नाही. थांबल्यावर पोटऱ्यांना आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला धग लागते का बघा. सकाळी सुसह्य वाटलेली धग एप्रिलच्या दुपारी काय होईल, याचा अंदाज धरा.

मग एखाद्या रिकाम्या गल्लीत पाय न टेकता गाडी पूर्ण उलट्या दिशेला वळवा. जड किंवा लांब गाडीचा खरा स्वभाव इथे कळतो. खराब पट्ट्यावर बसूनच जा, उभे राहू नका. खड्ड्याचा धक्का हातांत येतो की कमरेत, ते टिपा. कमरेत येत असेल तर मागे बसणाऱ्याला तो दुप्पट बसणार.

मोकळ्या रस्त्यावर पुढेमागे कोणी नाही हे बघून चाळीसच्या वेगावरून दोन्ही ब्रेक ठामपणे लावा. लिव्हर किती दाबल्यावर ब्रेक पकडतो आणि गाडी सरळ रेषेत थांबते का, एवढंच पाहायचं आहे. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. त्याखालच्या गाड्यांत सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक जोडलेली सोय असेल, तर मागचा ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना तो लागतो, आणि सवय नसेल तर पहिल्यांदा दचकायला होतं. चाक घसरेपर्यंत ब्रेक मारून एबीएस आजमावू नका.

साठच्या वेगावर आरसे पाहा. मागची गाडी स्पष्ट दिसते की थरथरत्या पाण्यातल्यासारखी? आरसे थरथरत असतील तर तीच थरथर हँडल आणि पायदानातून अंगात जात असते. अर्ध्या तासानं उतरल्यावर तळहातांना मुंग्या आल्या, की समजा लांबच्या प्रवासात त्रास होणार.

आता मागचं माणूस

माझ्या मते निम्मा वेळ याला द्यावा. सोबतच्या माणसाला रोजच्या कपड्यांत, रोजच्या पद्धतीनं बसू द्या. बाई साडीत एका बाजूला बसणार असेल तर तसंच. चढताना तिला हात कुठे ठेवावासा वाटतो ते पाहा. मागे किंवा बाजूला धरायला पक्का दांडा हवा. पाय ठेवायची पट्टी आणि साडीगार्ड जागेवर आहेत का, की डेमो गाडीला दिसायला छान म्हणून काढून ठेवले आहेत? मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण, पायदान आणि धरायची मूठ हे नियमानंच लागतं. ते नको म्हणून काढून घेऊ नका. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात जीवघेणे असतात.

दोघं बसून चढ चढा. तिसऱ्या गियरमध्ये गाडी दम धरते की लगेच दुसरा मागते? घाटाच्या वळणावर पुढचं हँडल हलकं वाटतं का? उतरताना दुसऱ्या गियरवर नुसती रेस सोडून गाडी किती रोखली जाते, ते बघा.

मी या वेळी आईला नेलं होतं. तीनपैकी ज्या गाडीवर माझा जीव होता, तिच्यावरून उतरून ती कंबर धरून उभी राहिली, काही बोलली नाही. दुसरीवर बसून ती राजवाड्यापर्यंत गप्पा मारत आली. मी दुसरी घेतली.

परत आल्यावर

सेल्समनशी बोलण्याआधी बाजूला जाऊन मोबाइलवर पाच ओळी लिहा: पाय, पंजा, कंबर, उष्णता, मागचं माणूस. मग आपल्या जुन्या गाडीवर त्याच रस्त्यानं घरी जा. नव्यात काय खरंच चांगलं होतं आणि काय फक्त नवं होतं, ते या फेरीत कळतं. त्या दिवशी बुकिंगचे पैसे देऊ नका, आज शेवटची ऑफर आहे म्हणाले तरी. ॲव्हरेज या फेरीवरून ठरवू नका. त्यासाठी तीच गाडी दोन वर्षं वापरणाऱ्या पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसाला विचारा, लोक आनंदानं सांगतात. पक्की झालेली गाडी एकदा अंधार पडल्यावर पुन्हा चालवा. हेडलाइटचा झोत वळणावर कुठे पडतो हे दिवसा कसं कळणार?

गावात डेमो गाडीच नसेल, किंवा शोरूमवाले चौकापलीकडे जाऊ देत नसतील, तर तेच मॉडेल एक दिवस भाड्यानं घ्या. गोव्याला गेलात तर ही सोय सहज होते. भाड्याच्या रीतसर गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, ती पाहूनच घ्या. पणजीहून निघून दिवसभर डबल सीट फिरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दोघांचं काय काय दुखतंय ते एकमेकांना विचारा.