एक कीबोर्ड, दोन कॉम्प्युटर : या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या डीटीपीच्या (पत्रिका, मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून छपाईसाठी मांडून द्यायच्या) दुकानात एका टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत. जुना विंडोज ७ चा, त्यात जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि त्याचं यूएसबी लॉक, म्हणजे जी लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ती पेन ड्राइव्हसारखी वस्तू. नवा विंडोज ११ चा. मेल, व्हॉट्सअ‍ॅप, पीडीएफ सगळं त्यावर. लग्नसराईत प्रूफ बघायला गिऱ्हाईक शेजारी येऊन बसलं, की दोन कीबोर्ड आणि दोन माउसमध्ये कागद ठेवायला जागा उरायची नाही. म्हणून दोन्ही मशीन एका जोडीवर आणली. तेव्हा आणि पुढं ओळखीच्यांना जोडून देताना ज्या चुका झाल्या, त्या इथं सांगतो.

आधी मशीन बघा, मग उपाय निवडा. दोन रस्ते आहेत. केव्हीएम स्विच म्हणजे एक डबी. बटण दाबलं की कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर या मशीनवरून त्या मशीनवर जातात. दुसरा रस्ता सॉफ्टवेअरचा : माउस विदाउट बॉर्डर्स, डेस्कफ्लो, बॅरियर ही त्यातली नावं. त्यात दोन्ही मॉनिटर आपापल्या जागी राहतात आणि माउसचा बाण कडेवरून सरळ पलीकडच्या स्क्रीनवर जातो. सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून सगळे तिकडंच धावतात. पण त्याला दोन्ही मशीन एका नेटवर्कवर लागतात, आणि विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. असं मशीन नेटवर्कवर आणू नये असं माझं ठाम मत आहे. त्याला स्विचच बरा.

स्विच घेतल्यावर माझी सगळ्यात महागडी चूक झाली. त्यावर जादा यूएसबी पोर्ट दिसले म्हणून फॉन्टचं लॉक मी तिथं लावलं. बटण दाबून नव्या मशीनवर गेलो, तसं लॉकही माझ्याबरोबर तिकडं गेलं. परत येऊन बघतो तर जुन्या मशीनवर लॉक सापडत नसल्याचा मेसेज आणि सॉफ्टवेअर बंद. कुलदेवतेच्या नावापासून ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळी पत्रिका पुन्हा टाइप करावी लागली. लॉक, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क यांतलं काहीही स्विचवर लावू नका. बटण दाबणं म्हणजे त्या वस्तू चालू कामात उपसून काढणंच. हार्ड डिस्कवर त्या वेळी काही लिहिलं जात असेल तर फाइल खराब होते.

वायरलेस माउस अडखळत असेल तर लगेच सेल बदलू नका. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, आणि माउसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन केबलनं हातभर लांब आणा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. फोर-के मॉनिटर असेल तर स्विच एचडीएमआय २.० चा आहे ना, हे खोक्यावर वाचूनच घ्या. १.४ चा असला तर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि बाण ओढल्यासारखा चालतो.

आता सॉफ्टवेअर. मला येणारा फोन ठरलेला असतो : “दादा, बाण पलीकडं जाईना. चारदा काढून परत टाकलं.” काढून परत टाकल्यानं काही होत नाही, कारण दोष बहुतेक वेळा नेटवर्कमध्ये असतो. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून ‘ipconfig’ चालवा. घरच्या किंवा दुकानाच्या साध्या राउटरवर आयपी पत्त्यातले (नेटवर्कवरच्या मशीनच्या नंबरातले) टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे दोन्हीकडं सारखे यायला हवेत. नसतील तर एक मशीन गेस्ट वायफायवर तरी असेल, नाहीतर त्यावर ऑफिसचं व्हीपीएन तरी चालू असेल. आकडे सारखे असूनही जोडणी होत नसेल तर वायफायची प्रोफाइल बघा. विंडोजनं ते ‘पब्लिक’ धरलं असेल तर फायरवॉल बाहेरून येणारी जोडणी अडवते. आपल्या जागेत ते ‘प्रायव्हेट’ करा. तरी अडलं तर फायरवॉलमध्ये पोर्ट (यूएसबीचे नव्हे, नेटवर्कवरून ये-जा करायची नंबर दिलेली दारं) मोकळे करा : माउस विदाउट बॉर्डर्ससाठी १५१०० आणि १५१०१, डेस्कफ्लो किंवा बॅरियरसाठी २४८००. फायरवॉल कायमची बंद करून ठेवणारे मी पाहिलेत. तसं करू नका, त्याच मशीनवर तुमची बँक उघडते.

बॅरियर आता नव्यानं टाकू नका. २०२१ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. दोन्हीकडं विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या फुकट संचातलं माउस विदाउट बॉर्डर्स पुरतं. या मशीनवरून त्या मशीनवर कॉपी करताना एका वेळी एकच फाइल, तीही १०० एमबीच्या आत, एवढी त्याची मर्यादा.

बाण पलीकडं जातो, पण एखाद्या खिडकीवर गेला की गोठतो? ती खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असते. माउस विदाउट बॉर्डर्सच्या सेटिंगमध्ये सर्व्हिस म्हणून चालवायचा पर्याय आहे, तो चालू करा. डेस्कफ्लोमध्ये बाण एकाच स्क्रीनवर अडकून बसला तर आधी स्क्रोल लॉक बघा. ती कळ चुकून दाबली गेली की बाण तिथंच बांधला जातो.

मराठी टाइप करणाऱ्यांनी इन्स्क्रिप्ट (युनिकोड मराठीची कीबोर्ड-मांडणी) दोन्ही मशीनवर बसवून घ्यावं आणि भाषा बदलताना बाण ज्या मशीनवर आहे तिथला भाषेचा खूण-चौकोन बघावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी करून नव्या मशीनवर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. तिथं क्लिपबोर्ड बिघडलेला नसतो. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हा मुळात इंग्रजी चिन्हाच्या जागेवर बसवलेला असतो, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या क्रमांकात, त्याची जागा वेगळी. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपासा. पत्रिकेत नवऱ्या मुलीचं नाव चुकलं तर पाचशे प्रती वाया जातात.

दुसरा कीबोर्ड कुणाला देऊन टाकू नका. सॉफ्टवेअर विंडोज चालू झाल्यावरच जागं होतं, त्याआधीच्या बायोसच्या स्क्रीनवर त्याचं काही चालत नाही. लाइट जाऊन आल्यावर मशीननं ‘एफ-१ दाबा’ म्हटलं, तर दाबायला त्याच मशीनला लावलेली कळ लागते. आमचा तो जुना वायरचा कीबोर्ड टेबलाच्या खणात गुंडाळून ठेवलाय.