ऑनलाइन स्नीकर घेताना नंबर का चुकतो? या चुका टाळा

‘माझा आठ नंबर’ असं म्हणून डोळे मिटून बूट मागवणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आठ हा नंबर पायाचा नसतो, साच्याचा असतो. ज्या साच्यावर बूट बेततात त्याला कारखान्यात लास्ट म्हणतात आणि प्रत्येक कंपनीचा लास्ट वेगळा. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या दुकानात हे निभून जायचं, कारण तिथला माणूस पाऊल बघून न विचारता नऊचा डबा उघडायचा. वेबसाइटला तुमचं पाऊल दिसत नाही.

उदाहरण घ्या. नायकी आणि आदिदास, दोघांच्या पुरुषांच्या तक्त्यात अमेरिकी 8.5 म्हणजे युरोपी 42, म्हणजे 26.5 सेंटिमीटर. पण आपल्याकडे दाखवतात तो यूके नंबर नायकीत 7.5 आहे आणि आदिदासमध्ये 8. आदिदासचा आठ नीट बसतो म्हणून नायकीचा आठ मागवलात की अर्धा सेंटिमीटर मोठा जोडा घरी येतो. उलट केलंत की अंगठा पुढे टेकतो. त्यात यूके नंबर 8.46 मिलिमीटरने चढतो आणि युरोपी 6.67 ने, म्हणून इंटरनेटवर फिरणारे ‘कोणत्याही कंपनीला चालणारे’ तक्ते कुठे ना कुठे फसवतातच. कंपनीचा स्वतःचा तक्ता उघडा आणि त्यातला फक्त सेंटिमीटरचा रकाना वाचा. नीट बसणारा जुना जोडा असेल तर त्याच्या जिभेच्या आतलं लेबल बघा. तिथे सीएम (सेंटिमीटर) किंवा जेपी (जपानी नंबर, तोही पावलाच्या लांबीचाच) या अक्षरांशेजारी जो आकडा असतो, तो जपून ठेवण्यासारखा.

एक खाच मात्र आहे. मोठ्या कंपन्यांच्या तक्त्यात सेंटिमीटर म्हणजे पावलाची लांबी. काही स्वस्त ब्रँड तिथे इनसोलची, म्हणजे बुटाच्या आतल्या तळाची लांबी देतात. 26.5 चं पाऊल 26.5 च्या इनसोलवर ठेवलंत तर बोटांपुढे काहीच जागा उरत नाही. पुढे 10 ते 12 मिलिमीटर मोकळे हवेत.

आता मोजणी. इथे घाई करणाऱ्यांची सगळ्यांत जास्त फसगत होते. खुर्चीत बसून, पाय पुढे करून, शिलाईच्या टेपने मोजलेली लांबी कामाची नाही. उभं राहिल्यावर वजनाने पाऊल पसरतं आणि लांबतं. कागद भिंतीला टेकवून जमिनीला चिकटवा, टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखं वजन घ्या आणि खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. स्वतः वाकलात की वजन सरकतं. पेन्सिल अगदी उभी धरायची. ती जरा आत कलली की खूण सहज 4 मिलिमीटर चुकते आणि यूके मोजणीत अर्धा नंबर म्हणजे 4.23 मिलिमीटर. एवढ्याशा कलण्याने अर्धा नंबर गेला! शाळेची प्लास्टिकची पट्टी वापरत असाल तर तिचा शून्य काठापासून जरा आत असतो, तेही बघून घ्या. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजायचे आणि नंबर मोठ्या पायाचा धरायचा. वेळ संध्याकाळची, मोजे तेच जे बुटात घालणार.

सगळ्यांत महागात पडणारी चूक याच्या पुढची: पाय रुंद आहे म्हणून लांबीचा नंबर वाढवणं. रामबागेतल्या एका धावणाऱ्या काकांचं पाऊल 262 मिलिमीटर, चवडा चांगलाच रुंद. यूके 8 मध्ये करंगळी दाबली जायची. कुणीतरी म्हणालं, ‘काका, एक नंबर वर जा.’ नऊ मागवला. घरात फिरताना मस्त वाटला, रीजनल पार्कच्या सपाट रस्त्यावरही तक्रार नव्हती. मग रालामंडलची टेकडी चढून उतरताना पाय आत पुढे सरकायला लागला आणि प्रत्येक पावलाला अंगठा आदळू लागला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. त्यांनी लेस करकचून आवळली, तर पावलाचा वरचा भाग बधिर. मग जाड मोजे घातले आणि करंगळी पुन्हा दाबली गेली. शेवटी साडेनऊ मागवला, त्यात टाचच निसटायला लागली.

असं होण्याचं कारण साधं आहे. बूट जिथे सर्वांत रुंद असतो तिथेच वाकतो आणि ती जागा पायाच्या चवड्याखाली यायला हवी. नंबर एकाने वाढवला की रुंदी थोडीशीच वाढते, पण बुटाची घडी साधारण 6 मिलिमीटर पुढे जाते. पाय एकीकडे वाकतो, बूट दुसरीकडे. काकांना हवा होता तो आठच, फक्त 2ई रुंदीचा. असिक्स आणि न्यू बॅलन्स रुंदीचे वेगळे जोडे काढतात: पुरुषांत डी म्हणजे नेहमीची, 2ई रुंद, 4ई त्याहून रुंद, बायकांत बी नेहमीची आणि डी रुंद. म्हणजे पुरुषांचा नेहमीचा डी आणि बायकांचा रुंद डी एक नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हाही भारतीय पावलं रुंद असल्याचंच दिसलं. तेव्हा हा दोष तुमच्या पायाचा नाही. रुंदीचा पर्याय शोधायचा कंटाळा करू नका, लांबीला हात लावू नका.

‘वापरून सैल होईल’ हा सल्ला चामड्याच्या जोड्याचा आहे. चामडं रुंदीत थोडं पायाला येतं, लांबीत कधीच नाही. हल्लीच्या जाळीच्या स्नीकरमध्ये पहिल्या दिवशी जे दाबतं ते तसंच दाबत राहतं. परत करा.

टाच जराशी निसटत असेल तर मात्र परत करण्याआधी लेस बघा. बऱ्याच जोड्यांत सर्वांत वर एक जादा भोक असतं, ते बहुतेक जण रिकामंच ठेवतात. लेसचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, छोटा फासा राहू द्या. दोन्ही बाजूंना असं करून प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओढा, खाली खेचा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते, वरचा भाग आवळला जात नाही.

चपलेच्या नंबरावरून बूट मागवू नका. चपलेत बोटांपुढे भिंतच नसते.

कन्वर्सचे चक टेलर अर्धा नंबर मोठे येतात. अर्धा कमी घ्या.

अमेरिकी नंबरात बायकांचा आकडा पुरुषांच्या आकड्यापेक्षा साधारण दीडने जास्त असतो. भावाच्या नंबरावरून बहिणीचा ठरवताना हे विसरू नका.

मुलांना दोन नंबर मोठा बूट घेऊ नका, मूल ठेचकाळतं. 12 मिलिमीटर जागा पुरे आणि दर तीन महिन्यांनी पाऊल पुन्हा मोजा.

बूट आला की फरशीवर धुतलेली चादर अंथरून दोन्ही पायांत घाला. वीस मिनिटं फिरा, चादरीवरच चवड्यांवर उभे राहा, गुडघे वाकवा. सोलला अंगणाची धूळ लागली की बदलून मिळणं अवघड. टॅग तोडू नका आणि परत पाठवताना कंपनीच्या डब्यावर थेट चिकटपट्टी लावू नका, डबा वेगळ्या पिशवीत घाला. फाटलेल्या डब्यामुळेही परतीला नकार मिळतो.