चिंचोक्यांचा नकाशा, आणि स्मारकाच्या कामात येऊ बघणाऱ्यांसाठी थोडं

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो, ताई मला असं काहीतरी डिझाइन करायचंय जे शंभर वर्षं टिकेल, लोक आपणहून तिथे येतील, तर त्यासाठी काय शिकू? मला हा प्रश्न मनापासून आवडतो. मी पुण्यात चौदा वर्षं लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे मोकळ्या जागांचं डिझाइन करणारी, म्हणून काम करतेय आणि या कामावर माझं प्रेम आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

शिक्षणाचं पटकन सांगते. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, मग पाच वर्षांचं बी.आर्क., मग काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी, कारण १९७२ च्या कायद्यानुसार त्या नोंदणीशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही. त्यानंतर लँडस्केपमध्ये दोन वर्षांचं एम.आर्क. करता येतं, पुण्यात कर्वेनगरला बीएनसीए कॉलेज आहे (ते फक्त मुलींसाठी), बाहेर अहमदाबादचं सेप्ट, दिल्लीचं एसपीए. जुन्या वास्तूंची ओढ असेल तर कॉन्झर्वेशनकडे वळा. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू दे, की स्मारकाचं काम रोज येत नाही, माझं घर चालतं ते सोसायट्यांच्या बागा, शाळांची मैदानं आणि कंपन्यांच्या कॅम्पसवर, स्मारकाची कामं चौदा वर्षांत चारच आली. पण जे शिकले ते त्या चारांतच शिकले.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी एक करा, गंज पेठेतल्या फुले वाड्यात जाऊन दोन तास बसा. मोबाइल पिशवीत ठेवा. साधं घर आहे, अंगण आहे, आणि मागच्या बाजूला तुळशी वृंदावन आहे, ज्योतिरावांच्या अस्थी तिथे आहेत. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो याच घरचा. तिथे बसल्यावर बघत राहा की आलेला माणूस काय करतो. चपला कुठे काढतो, आवाज कुठे खाली येतो, मुलांना कुठे थांबवून सांगतो की बघ, इथे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक आजोबा शाळेच्या गणवेशातल्या नातीला घेऊन आले होते, ते काही बोलले नाहीत, वाकून वृंदावनाच्या दगडाला हात लावला आणि मग नातीचा हात धरून तो पण लावला. २८ नोव्हेंबर १८९० ला गेलेल्या माणसाची आठवण त्या पोरीपर्यंत तळहातातून पोचली, आणि दगड तिच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर होता म्हणून पोचली. एखादा इंच इकडे की तिकडे यावरून मी आज ऑफिसात एवढी भांडते त्याचं मूळ तिथे आहे.

मग नगर रोडला आगाखान पॅलेसला जा. इमारत १८९२ ची, प्रचंड मोठी, कमानी, व्हरांडे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना तिथे नजरकैदेत ठेवलं, १५ ऑगस्ट १९४२ ला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. आता तुम्ही हे बघा की महालापासून समाधीपर्यंत चालताना काय होतं, मोठी वास्तू पाठीमागे राहते, झाडी येते, पाय आपोआप हळू पडायला लागतात. ते चालणं हासुद्धा डिझाइनचा भाग असतो. आर्किटेक्चरच्या मुलांना हे समजायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, मला पण लागला, कारण आपण भिंती काढायला शिकतो आणि भिंतींच्या मधलं चालणं कुणी काढायला लावत नाही. विद्यापीठाच्या आवारातलं, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी केलेलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था, बघायची परवानगी मिळाली तर तेही सोडू नका, मधल्या कुंडाच्या पायऱ्या आणि काळा दगड बघा, तिथे विश्वाची कल्पना जमिनीवर कशी उतरवलीय ते पायानं कळतं.

आणि घरातलाच एक अभ्यास. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पुण्यातल्या जुन्या घरात त्या दिवसाची आठवण असणारं कुणी ना कुणी अजून असतं. त्यांना विचारा पाणी कुठपर्यंत आलं होतं. फुटात कुणी सांगणार नाही, सांगतील की जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत, देवळीपर्यंत, मारुतीच्या शेंदरापर्यंत. माणसाला जागा अशीच आठवते, पायरी, पार, विहीर, उंबरा. आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव दगड, वेशीजवळ किंवा देवळाच्या अंगणात, जाता-येता दिसेल असा असायचा, आणि देवराईत झाडालाच हात लावायची बंदी, म्हणजे अख्खं रानच आठवण सांभाळतंय.

बाहेरची दोन उदाहरणं मी प्रत्येक ट्रेनीला सांगते. वॉशिंग्टनचं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक, माया लिन तेव्हा २१ वर्षांची विद्यार्थिनी होती आणि १,४२१ प्रवेशिकांतून तिचं डिझाइन निवडलं गेलं. पुतळा नाही, घुमट नाही, जमिनीत उतरत जाणारी काळी भिंत आणि ५८ हजारांहून जास्त नावं, ती पण मृत्यूच्या तारखेच्या क्रमानं. तो काळा ग्रॅनाइट आपल्या बंगळुरूकडचा आहे. लोक तिथे कागद ठेवून पेन्सिलीनं नाव उमटवून घरी नेतात. दुसरं भुजचं स्मृतिवन, २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्यांसाठी, ४७० एकरांवर भुजिया डोंगरावर, २०२२ मध्ये खुलं झालं, आर्किटेक्ट राजीव कठपालियांच्या टीमचं काम. तिथे उतारावर पाणी अडवायला बंधारे घातलेत आणि गेलेल्यांची नावं त्या जलाशयांच्या भिंतींवर आहेत. म्हणजे पाऊस पडतो, नावांपाशी पाणी साठतं, त्या पाण्यावर उघडा डोंगर हिरवा होतो. मी हे पहिल्यांदा ड्रॉइंगमध्ये बघितलं तेव्हा किती तरी वेळ काही बोलता आलं नाही.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये. माझं पहिलं स्मारकाचं काम एका गावातल्या शहीद जवानांचं होतं. मी वरचंच सगळं वाचून भारावलेली, काळ्या पॉलिश ग्रॅनाइटची भिंत काढली, तोंड पश्चिमेला, कारण रस्ता तिकडे होता आणि संध्याकाळचं ऊन अक्षरांवर सुंदर पडेल असं थ्रीडीमध्ये दिसत होतं. उद्घाटन जानेवारीत झालं, सगळे खूश. एप्रिलमध्ये मी फोटो काढायला गेले, दुपारचे चार वाजले असतील, एका जवानाची आई आली, तिनं मुलाच्या नावावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. दगड तापला होता. तिनं पदराची घडी केली, मध्ये धरली आणि परत हात ठेवला. ती मला काहीच म्हणाली नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. नंतर त्या भिंतीसमोर करंजाची तीन झाडं लावली, दोन उन्हाळे बुंध्याशी ओलं गोणपाट ठेवून जगवली, आता सावली येते. तेव्हापासून नियम आहे, एप्रिलच्या भर दुपारी जागेवर बसल्याशिवाय मी एक रेघ काढत नाही. जुलैच्या पावसातही एकदा जायचं, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं बघायचं. कंटूरचा, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराचा, सर्व्हे येईलच, पण चिखलात पाय घातल्यावर जे कळतं ते त्यात नसतं.

नंतरचं काम धरणात गेलेल्या एका गावाचं. पुनर्वसन होऊन पन्नासच्या वर वर्षं झालेली, नव्या गावठाणात शाळेशेजारी वीस गुंठे जागा, आणि जुन्या गावाची आठवण राहावी अशी इच्छा. मी पहिलं ड्रॉइंग नेलं, मंडळी छान आहे म्हणाली, आणि शांत बसली. गावात ड्रॉइंग दाखवल्यावर सगळे गप्प बसले तर समजून जा की ते त्यांचं झालेलं नाहीये. निघताना एका आजींनी चहाला थांबवलं. मी विचारलं, आजी जुनं गाव कसं होतं? त्या उठल्या, आतून सुपात चिंचोके आणले आणि ओटीवरच्या शहाबादी फरशीवर मांडायला लागल्या. "ह्यो वढा," म्हणून ओल्या बोटानं रेघ. देवळाला तांब्या उपडा घातला, विहिरीला वाटी, पाराला गुळाचा खडा, आणि एकेक घर म्हणजे एकेक चिंचोका. शेजारच्या बायका आल्या, भांडण लागलं, "न्हाय वं, तुमच्या सासऱ्याचं घर वढ्याच्या अल्याड हुतं," चिंचोका उचलून इकडे, परत तिकडे. अडीच तास चाललं. ४३ घरं झाली. मी स्टुलावर चढून वरून फोटो घेतला आणि तोच आमचा मास्टर प्लॅन झाला.

तसंच केलं. जुनं गाव पाच पटीनं लहान करून जमिनीवर उतरवलं, घराच्या जागी काळ्या दगडाचा एकेक चिरा, त्यावर घराण्याचं नाव, छिन्नीनं कोरलेलं, मशीनचं नाही, कारण छिन्नीच्या अक्षराला बोट लागलं की खाच कळते. ओढ्याच्या जागी उथळ पन्हळ, पावसाचं पाणी त्यातून विहिरीच्या कुंडात. सगळं लहान, पार मात्र पूर्ण मापाचा, दीड फूट उंच, मध्ये वड. पार लहान करून कसं चालेल, त्यावर माणसं बसणार. आज तिथे सकाळी म्हातारे पेपर वाचतात, दुपारी पोरं डबा खातात, वटपौर्णिमेला बायका येतात, आणि गावाची आठवण अशी वेगळी काढावीच लागत नाही.

झाडांबद्दल थोडं जास्त बोलते कारण नवीन मुलं इथेच घसरतात. प्लॅन तीन वेळा काढा, लावलेल्या दिवशीचा, दहा वर्षांनंतरचा, चाळीस वर्षांनंतरचा. वडाखाली फरशी घट्ट घातली तर मुळं ती उचलणारच, तिथे माती मोकळी ठेवा. गुलमोहर पटकन वाढतो म्हणून सगळ्यांना हवा असतो, पण वादळात फांद्या पडतात, बसायच्या जागेवर नको. चिंच, कडुनिंब, बहावा, पळस, आपटा, वावळ, ही आपली झाडं धीरानं वाढतात आणि इथला उन्हाळा त्यांना झेपतो. लॉन शक्यतो टाळा, गावात पाण्याचा टँकर येत असताना हिरवळीवर पाणी मारणं लोकांच्या डोळ्यावर येतं आणि ते बरोबरच आहे.

आणि टेंडर. हे कॉलेजात कुणी मनापासून शिकवत नाही. आमच्या एका कामात बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, झाडांची देखभाल एकच वर्ष होती, ठेकेदाराचं एक वर्ष संपलं, पुढचा उन्हाळा आला आणि निम्म्याहून जास्त रोपं वाळली. आता मी तीन वर्षांची देखभाल, ठिबक आणि मेलेल्या झाडाच्या जागी नवीन, हे वेगळे आयटम म्हणून घालते आणि ते कापू देत नाही, त्यासाठी दगडाचा दर्जा एक पायरी खाली आणावा लागला तरी चालेल. जवळ पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीनंच, हे काम घेतानाच तपासा. पाथरवटाशी स्वतः बोला. ज्याला उद्या अक्षर कोरायचंय त्याला ती नावं कुणाची आहेत ते सांगा, काम बदलतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

शेवटचं एक, जागा कोरी सोडायला शिका. त्या गावाच्या कामात मी सहा चिरे नावाशिवाय ठेवले होते, कमिटीला पटत नव्हतं, म्हणाले अर्धवट दिसेल. उद्घाटनानंतर दोनच महिन्यांत कल्याणहून एक काका आले, सगळं फिरून बघितलं आणि म्हणाले आमचं घर नाहीये यात. त्यांचं कुटुंब धरणाच्या आधीच मुंबईकडे गेलेलं, म्हणून कुणाच्या आठवणीत आलं नाही. आजींना विचारलं, त्या डोळे मिटून बसल्या, मग म्हणाल्या हाय हाय, देवळामागं, दारात शेवगा हुता. चिरा उचलून देवळामागे बसवला, नाव कोरलं, काकांनी शेजारी शेवग्याची फांदी लावली. तशी आतापर्यंत चार घरं सापडलीत.

पाचवा चिरा येत्या शनिवारी बसवायचाय. शिकणाऱ्यांपैकी ज्यांना छिन्नीचं काम जवळून बघायचंय त्यांनी सकाळी साडेसहाला स्वारगेटला या, टोपी, वही आणि पाण्याची बाटली घेऊन. चपलेऐवजी बूट घाला, दगडाच्या कपच्या उडतात.