लिंक नाई, तं तू पाय ना बे

जून महिना, पेरणी तोंडावर. बाबा पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी तालुक्याच्या बँकेत सकाळपासून बसलेले. दुपारी फोन आला, "अबे, इथं लिंक नाई म्हणते. तू तं बँकेच्याच कम्प्युटरवर हायेस ना, पाय बरं काय झालं तं."

मी नवी मुंबईतल्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवतात त्या केंद्रात, लागून सहा महिने झाले होते. बाबांची बँक वेगळी, पण रचना सारखीच. शाखेत खात्यांचा सर्व्हर नसतोच. फिनॅकल किंवा बॅन्क्ससारखी कोअर बँकिंग प्रणाली शेकडो किलोमीटरवर चालते, शाखा फक्त लीज लाईन (भाड्याने घेतलेली खास लाईन) किंवा छतावरच्या व्हीसॅटने (उपग्रहाच्या छोट्या डिशने) जोडलेली. त्यामुळे गावाकडे "सर्व्हर डाऊन" म्हणतात तेव्हा पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो, वाटेतली लाईन मेलेली असते.

तिकडे डेटा सेंटरमध्ये एकेका यंत्रावर वीस-तीस व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम (सॉफ्टवेअरने बनवलेले, स्वतंत्र कम्प्युटरसारखे वागणारे), नांदतात. आपल्याकडे सामायिक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावतात ना, तसा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरच्या पाळ्या लावतो. मेमरी मात्र धुरे घालून वाटलेल्या वावरासारखी, एकाला दुसऱ्याच्या हद्दीत शिरता येत नाही. एक यंत्र बंद पडलं तर त्यावरची व्हीएम शेजारच्या यंत्रावर आपोआप पुन्हा सुरू होतात. सगळंच व्हीएमवर असतं असं नाही. मोठ्या बँकांत कोअरचा डेटाबेस बऱ्याचदा आयबीएम पॉवरसारख्या वेगळ्या यंत्रांवर ठेवतात. अर्थात तिथेही एलपीएआर नावाची वाटणी असतेच.

आता माझी चूक. एका व्हीएमवर पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) टाकण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतला, पॅच नीट बसला, आणि स्नॅपशॉट पुसायला विसरलो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि नवीन लिहिलेलं सगळं वेगळ्या डेल्टा फाईलमध्ये जातं. ती फाईल तीन आठवडे फुगत राहिली. एका पहाटे डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या डिस्क ठेवायची सामायिक जागा, भरलं आणि त्यावरची चार व्हीएम जागच्या जागी थांबली. स्क्रीनवर "जागा शिल्लक नाही" एवढाच संदेश. जागा मोकळी करून डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळायला पाच तास लागले. साहेब ओरडले नाहीत, बाजूला खुर्ची घेऊन बसले. ते जास्त लागलं. स्नॅपशॉटला बॅकअप समजणारे अजून भेटतात. मूळ डिस्क गेली की तोही गेला.

घरी शिकायला महागडा क्लास लागत नाही. मी यवतमाळातून घेतलेल्या जुन्या डेस्कटॉपवर, ८ जीबी रॅम टाकून, शिकलो. बायोसमध्ये (कम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करायचं (पहिले चार दिवस माझे इथेच गेले), मग व्हीएम चालवणारा फुकटचा व्हर्च्युअलबॉक्स, त्यात लिनक्सच्या दोन व्हीएम, आणि त्यांचं आपसात नेटवर्क. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, त्यामुळे अर्धवट बंद झालेली व्हीएम सावरणं आपोआप अंगवळणी पडलं. पुढे प्रॉक्समॉक्स, लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरव्हायझरवर चालणारं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही हायपरव्हायझर बनवणारी कंपनी घेतली आणि परवान्यांचं गणित बदललं, तेव्हापासून केव्हीएमवर चालणाऱ्या पर्यायांकडे बरेच जण वळून पाहतायत. पण कामाला लागाल तिथे व्हीएमवेअरच भेटण्याची शक्यता जास्त, तेव्हा व्हीमोशन (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या यंत्रावर हलवायची सोय) काय करतं ते कागदावर आकृती काढून सांगता यायला हवं.

मुलाखतीत डीआरवर, म्हणजे संकटानंतर यंत्रणा पुन्हा उभी करण्यावर, हमखास विचारतात. मुख्य केंद्र पडलं तर दुसऱ्या शहरातल्या केंद्रातून किती वेळात काम सुरू होणार, हा आरटीओ. आणि किती वेळाचा डेटा गमावणं चालेल, हा आरपीओ. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांच्या डीआरची रंगीत तालीम सहा महिन्यांतून किमान एकदा करावी लागते. ती बहुधा शनिवार-रविवारच्या रात्री असते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

बाबांच्या शाखेची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली होती. जुळायला दोन दिवस लागले. तोवर त्यांनी कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं उचललं होतं.